टाकाऊतून विकाऊ: साखर कारखान्याकडून शिकायची चक्रीय व्यवसायाची पद्धत

एक टन ऊस गव्हाणीत पडला की त्यातून साखर निघते १०० ते ११५ किलो. त्याच टनातून २८० ते ३०० किलो ओलं चिपाड (कारखान्याच्या भाषेत बगॅस), ४० ते ४५ किलो मळी म्हणजे मोलॅसिस, आणि ३० ते ४० किलो प्रेसमड, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ, निघतं. म्हणजे साखरेच्या तिप्पट वजनाचा माल साखर नसतो. सहकारी साखर कारखानदारी १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला सुरू झाली, त्या काळात आणि पुढेही बरीच वर्षं या मालाकडे अडचण म्हणूनच पाहिलं गेलं. चिपाडाचे ढीग साचू नयेत म्हणून बॉयलर मुद्दाम कमी कार्यक्षमतेचे ठेवले जात, कारण जास्त जळलेलं बरं असा हिशेब होता. आज त्याच चिपाडाच्या विजेवर, मळीच्या इथेनॉलवर आणि प्रेसमडच्या गॅसवर अनेक कारखान्यांचा ताळेबंद तग धरून आहे.

हा बदल एका यंत्राने झाला नाही. तो कसा होतो याच्या पायऱ्या इथे देतो आहे. तुमचा कारखाना साखरेचा नसेल, काजूचा, कागदाचा, कापडाचा किंवा फळप्रक्रियेचा असेल, तरी पायऱ्या त्याच राहतात. चक्रीय व्यवसाय म्हटलं की लोक आधी तंत्रज्ञान शोधायला निघतात. माझ्या मते ती सुरुवातच चुकीची आहे. टाकाऊ मालाचा धंदा हा साधा मालाचा धंदा आहे. त्याला वजन, दर्जा, अंतर, गिऱ्हाईक आणि करार हे सगळं लागतं, आणि यातलं काहीही सोडून चालत नाही.

पायरी १: आधी काटा

बहुतेक कंपन्यांत कच्चा माल किलोकिलोने मोजला जातो, आणि टाकाऊ माल मात्र "दिवसाला दोन ट्रॉल्या" एवढाच. ट्रॉलीवर कुणी व्यवसाय उभा करू शकत नाही. निदान एक पूर्ण हंगाम, आणि धंदा बारमाही असेल तर एक पूर्ण वर्ष, प्रत्येक टाकाऊ प्रवाहाची नोंद ठेवा. तो जिथे निर्माण होतो तिथेच मोजा, आवाराबाहेरच्या ढिगावर नको. वजन, ओल, तापमान, त्यात आणखी काय मिसळलं, कोणत्या पाळीत किती आलं, यंत्र बंद असताना किती आलं, हे रकाने हवेतच.

ओलीचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच रिकामा सापडतो. गिरणीतून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं. ओल एका टक्क्याने वाढली की किलोमागे जवळपास ५० किलोकॅलरी उष्णता कमी मिळते. वजन तेवढंच दिसतं, माल मात्र कमी झालेला असतो. तुम्ही वजनावर विकत असाल आणि गिऱ्हाईक उष्णतेवर विकत घेत असेल, तर भांडण ठरलेलं आहे.

याच पायरीवर दुसरं काम करायचं, ते म्हणजे प्रवाह वेगळे ठेवणं. कापड रंगवणाऱ्या कारखान्यात रंगाच्या टाकीतलं गडद पाणी आणि शेवटच्या धुण्याचं जवळजवळ स्वच्छ पाणी एकाच गटारात सोडलं जातं. वेगळं ठेवलं असतं तर धुण्याचं पाणी थोड्या खर्चात पुन्हा वापरता आलं असतं. एकदा मिसळल्यावर सगळंच गडद पाण्याच्या खर्चाने शुद्ध करावं लागतं. दोन पाइपांचा खर्च सुरुवातीला जड वाटतो, पण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या राहतात.

पायरी २: फेकण्याची खरी किंमत काढा

ट्रॉलीचं भाडं, भरणावळ, सांडपाणी प्रक्रियेची वीज आणि रसायनं, ढिगाखाली अडकलेली जागा, प्रदूषण मंडळाच्या नोटिशीमुळे बंद राहिलेले दिवस, हे सगळं एका कागदावर मांडा.

मग त्याच कागदावर दुसरा आकडा लिहा. या टाकाऊ मालातून तुमचाच विकाऊ माल किती वाहून जातो? चिपाडात साधारण दोन टक्के साखर राहून जाते. गाळलेल्या उसाच्या टनामागे ती पाच-सहा किलो होते. दिवसाला ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात हा आकडा रोज २५ ते ३० टन साखरेवर जातो. ही साखर बॉयलरमध्ये जळते. ती सगळी कधीच काढता येणार नाही, पण गिरणीच्या रोलरची सेटिंग आणि इम्बिबिशनचं (चिपाडातली साखर धुऊन काढण्यासाठी शिंपडायचं) पाणी नीट सांभाळून त्यातली जी काढता येईल ती चिपाडाच्या कुठल्याही भावापेक्षा महाग पडते. म्हणून चक्रीय व्यवसायाची पहिली कमाई टाकाऊ माल कमी करण्यातच असते. विकण्याचा विचार त्यानंतर. काही कंपन्या उलट्या क्रमाने जातात. टाकाऊ मालाला गिऱ्हाईक मिळालं की तो कमी करण्यातला त्यांचा रस संपतो.

पायरी ३: बाहेर विकण्याआधी घरात वाचवा

साखर कारखान्यात चिपाड जाळून वाफ होते. वाफेवर टर्बाइन फिरतं आणि तीच वाफ पुढे रस आटवायला लागते. जुन्या कारखान्यात गाळलेल्या उसाच्या ४५ ते ५० टक्के वजनाइतकी वाफ लागत असे. फॉलिंग फिल्म इव्हॅपोरेटर (कमी वाफेत रस आटवणारं यंत्र), गिरण्यांना वाफेच्या टर्बाइनऐवजी विजेच्या मोटारी आणि गरम कंडेन्सेटचा (वाफ निवून झालेल्या पाण्याचा) पुनर्वापर, एवढं केलं की ती ३५ ते ३८ टक्क्यांवर येते.

आता कागद-पेन्सिल घ्या. रोजचं गाळप ५,००० टन धरा. वाफ ४८ वरून ३८ टक्क्यांवर आली, म्हणजे रोज ५०० टन वाफ वाचली. एक किलो बगॅसपासून साधारण २.२ किलो वाफ होते. म्हणजे रोज सुमारे २२५ टन बगॅस शिल्लक. १२० दिवसांच्या हंगामात २७,००० टन. विकायला माल तयार झाला आणि त्यासाठी एकही टन जास्तीचा ऊस लागला नाही.

या शिलकीतूनच सहवीजनिर्मितीचा धंदा उभा राहिला. जुने बॉयलर चौरस सेंटिमीटरला २१ किंवा ३२ किलो दाबाचे असत. ८७ आणि ११० किलो दाबाचे बॉयलर आल्यावर तेवढ्याच चिपाडातून कितीतरी जास्त वीज निघू लागली. चांगल्या कारखान्यात उसाच्या टनामागे १०० युनिटच्या वर वीज तयार होते, त्यातली काही घरच्या वापराला आणि बाकीची महावितरणला. पण क्रम लक्षात घ्या. ज्यांनी घरातली वाफ न वाचवता नुसता मोठा बॉयलर बसवला, त्यांना बाहेरून इंधन विकत आणून तो चालवावा लागतो.

तुमच्या कारखान्यात वाफ नसेल, पण काहीतरी असेलच: कटिंगमधून उरणारा पत्रा, खारवण्याचं पाणी, भट्टीतून वाया जाणारी उष्णता. त्याचा सर्वांत जवळचा वापर तुमच्याच छपराखाली असतो का, ते आधी पाहा. तिथे वाहतूक नाही, करार नाही आणि दर्जावरून भांडणही नाही.

पायरी ४: गिऱ्हाईक आधी, यंत्र नंतर

टाकाऊ मालासाठी यंत्र घेण्याआधी तो आत्ता कशाची जागा घेईल ते शोधा. समोरचा आज काय वापरतो, काय भावाने आणतो, त्याला कोणता दोष अजिबात चालत नाही, त्याचा कारखाना कधी बंद असतो, हे चार प्रश्न त्याच्या कार्यालयात बसून विचारायचे. बाजारभाव इंटरनेटवर पाहून केलेला प्रकल्प अहवाल इथेच कोसळतो.

तामिळनाडूचं उदाहरण मला फार आवडतं. करूर जिल्ह्यात तामिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स ही सरकारी कंपनी १९८० च्या दशकात बगॅसपासून कागद बनवू लागली. तिला कच्चा माल म्हणून बगॅस हवं होतं. साखर कारखान्यांकडे ते होतं, पण जाळायला लागत होतं. नुसत्या पैशांनी ही गाठ सुटणारी नव्हती, कारण पैसे जळत नाहीत आणि हंगामात बॉयलर थांबवता येत नाही. म्हणून कागद कंपनीने बगॅसच्या बदल्यात वाफ आणि दुसरं इंधन पुरवण्याची व्यवस्था केली. साखरवाल्याची गरज बगॅसची नव्हतीच, वाफेची होती. हे ज्याला कळलं त्याने व्यवहार जमवला. तुमच्या टाकाऊ मालाचा सध्याचा वापरकर्ता कोण आहे आणि त्याची मूळ गरज काय आहे, हे याच नजरेने पाहा.

डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग गावाचं नाव या विषयात नेहमी घेतलं जातं. तिथे रिफायनरीचा वायू जिप्सम बोर्डच्या कारखान्याला जाऊ लागला, वीज केंद्राची उष्णता गावातल्या घरांना मिळू लागली, धुरातून काढलेलं गंधक जिप्सम बनून बोर्डात येऊ लागलं. परिषदांमध्ये तो आराखडा एका रंगीत चित्रात दाखवतात आणि वाटतं की कुणी तरी आधी बसून ते चित्र काढलं असेल. तसं झालं नाही. सुरुवात १९६१ च्या सुमारास तळ्याच्या पाण्यापासून झाली, १९७२ मध्ये वायूची जोडणी आली, आणि पुढची जोडणी जेव्हा दोन कंपन्यांना परवडली तेव्हा झाली. या सगळ्याला मिळून नाव पडलं ते १९८० च्या दशकाच्या शेवटी. प्रत्येक पाइपामागे दोघांचा स्वतंत्र करार होता आणि दोघांनाही नफा होता. आपल्या औद्योगिक वसाहतीत असं काही करायचं असेल तर मोठी बैठक बोलावण्यापेक्षा शेजारच्या एका कारखानदाराशी एका मालाचा व्यवहार करून पाहा.

पायरी ५: अंतर आणि वेळ

टाकाऊ मालाचे बहुतेक धंदे वाहतुकीत बुडतात. सुटं चिपाड इतकं हलकं असतं की गाडी भरते पण काटा भरत नाही. गठ्ठे बांधले तर परवडतं, पण गठ्ठे बांधण्याचं यंत्र, मजूर आणि आगीपासून राखण यांचा खर्च आला. ओला माल असेल तर तुम्ही गाडीभाडं देऊन निम्मं पाणी फिरवता. म्हणून नकाशावर आपल्या कारखान्याभोवती वर्तुळ काढा: किती किलोमीटरच्या पुढे गाडीभाडं मालाच्या भावाएवढं होतं? त्या वर्तुळाबाहेरचं गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी तुमचं नाही.

वेळेची बाजू त्याहून कठीण आहे. काजूच्या बोंडाचं उदाहरण घ्या. बोंड वजनाने बीच्या कैक पट असतं आणि तोडल्यावर काही तासांतच आंबायला लागतं. गोव्यात त्याची उर्राक आणि फेणी होते, आणि २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. हे तिथे जमलं यामागचं मोठं कारण असं की भट्टी काजूच्या बागायतीतच किंवा अगदी जवळ असते. माल यंत्राकडे नेण्याऐवजी यंत्र मालाकडे गेलं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत बोंडांचा मोठा भाग झाडाखाली कुजतो. तिथे बोंडाच्या रसाचा किंवा सरबताचा प्रकल्प आखणाऱ्याने मोठ्या मध्यवर्ती कारखान्यापेक्षा गावोगाव रस काढून थंड ठेवणाऱ्या छोट्या केंद्रांचा हिशेब आधी करावा.

पायरी ६: एकट्याचा माल पुरत नसेल तर

इथे प्रेसमड पाहू. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने कॉम्प्रेस्ड बायोगॅससाठी (शुद्ध करून दाबाखाली भरलेल्या बायोगॅससाठी) 'सतत' योजना आणली, तेव्हापासून अनेक साखर कारखान्यांकडे या प्रकल्पाचे प्रस्ताव येत आहेत. प्रस्तावात मोठे आकडे असतात, म्हणून स्वतः गुणाकार करा.

रोज ५,००० टन गाळप आणि त्यावर साडेतीन टक्के प्रेसमड, म्हणजे दिवसाला १७५ टन. १२० दिवसांत २१,००० टन. साधारण २५ टन प्रेसमडपासून एक टन गॅस निघतो, म्हणजे वर्षभरात ८४० टन. प्रकल्प ३३० दिवस चालवायचा तर रोज अडीच टन. दहा टनांचा प्रकल्प कुणी सुचवत असेल तर त्याला एवढ्याच ताकदीच्या चार कारखान्यांचं प्रेसमड लागेल, नाहीतर दुसरा कच्चा माल. आणि हंगामातलं प्रेसमड उन्हाळा-पावसाळ्यात साठवलं की ते उघड्यावर कुजतं, तापतं, आणि त्यातला गॅस देणारा भाग कमी होत जातो. साठवणुकीत किती घट होते हे आपल्याच मालावर तपासून घ्या. पुण्याजवळ मांजरीला १९७५ पासून काम करणाऱ्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेचा सल्ला यासाठी घेता येतो. ताज्या मालाच्या चाचणीवर बारमाही प्रकल्प आखू नये.

काजू कारखान्याची अडचण तीच, फक्त लहान आकाराची. १०० किलो काजू बीतून साधारण २५ किलो गर आणि ७० किलोच्या आसपास टरफल निघतं. त्या टरफलात तेल असतं, ज्याचा उपयोग रंग, राळ आणि ब्रेक लायनिंगच्या धंद्यात होतो. तेल काढून उरलेली पेंड इंधन म्हणून जाते. पण रोज एक टन बी फोडणाऱ्या घरगुती युनिटकडे ७०० किलो टरफल निघणार, आणि तेवढ्यावर तेलाचा घाणा दिवसभर चालत नाही. दहा-वीस युनिटांचं टरफल एका जागी आलं तरच तो धंदा होतो. सहकाराची सवय असलेल्या आपल्या भागाला हे अवघड जाऊ नये. अट एकच, की टरफल आणताना प्रत्येकाची ओल आणि वजन काट्यावर दिसलं पाहिजे. दुसऱ्याच्या ओल्या मालाचा भुर्दंड आपल्याला बसतो असं एकदा वाटलं की जमलेली युनिटं पुन्हा पांगतात.

पायरी ७: करार

तोंडी व्यवहारावर टाकाऊ माल वर्षानुवर्षं जातो, कारण दोघांनाही तो फुकटचा वाटतो. समोरच्याने त्यावर यंत्र उभं केलं की तो फुकटचा राहत नाही, आणि तेव्हा कागद लागतो. करारात दर टनाला न लिहिता कोरड्या वजनाला किंवा उपयोगी घटकाला लिहा. किमान आणि कमाल मात्रा, हंगाम लांबला किंवा दुष्काळाने गाळप निम्म्यावर आलं तर काय, नाकारलेला माल कोणाच्या खर्चाने परत जाणार, नमुना कोणी आणि कुठे काढायचा, तिसरी प्रयोगशाळा कोणती, गाडीभाडं कोणाचं, दराचा फेरविचार कोणत्या आकड्याला बांधायचा, हे सगळं त्यात हवं.

महाराष्ट्रात ऊस कधी भरपूर तर कधी पावसाअभावी तुटपुंजा असतो, त्यामुळे मात्रेचं कलम इथे विशेष सांभाळावं. "वर्षाला इतके टन देणारच" असं लिहून देण्यापेक्षा "गाळपाच्या इतके टक्के" असं लिहिणं शहाणपणाचं. गिऱ्हाईकाला निश्चित मात्राच हवी असेल तर त्याची किंमत दरात दिसली पाहिजे.

पायरी ८: टाकाऊचाही टाकाऊ असतो

या विषयावर लिहिताना बहुतेक जण इथे येण्याआधीच थांबतात, आणि नद्यांचं नुकसान नेमकं इथेच झालं. मळीपासून अल्कोहोल बनवलं, छान झालं. पण प्रत्येक लिटर अल्कोहोलमागे साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी, निघतो. गडद तपकिरी, आम्लधर्मी, गिरणीच्या सांडपाण्यापेक्षा कितीतरी घातक. त्याची जैविक प्राणवायू मागणी लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या वर जाते. असं पाणी ओढ्यात सुटलं की त्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात. ऊसपट्ट्यातल्या नदीकाठच्या गावांना हे सांगावं लागत नाही. मळीचा "उपयोग" झाला असं म्हणताना त्याची किंमत या गावांनी त्यांच्या विहिरींतून दिली.

नियम कडक झाल्यावर मार्ग निघाले. आधी स्पेंटवॉशपासून बायोगॅस काढायचा. उरलेला प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट करायचं, किंवा आटवून दाट करून खास बॉयलरमध्ये जाळायचा. जाळल्यावर राख उरते, आणि त्या राखेत पोटॅश भरपूर असतं. २०२१ साली केंद्र सरकारने मळीजन्य पोटॅशला, ज्यात १४.५ टक्के पोटॅश असतं, खतांच्या पोषणमूल्य आधारित अनुदान योजनेत जागा दिली. भारत पोटॅशसाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे, त्यामुळे ही राख मोलाची आहे.

यातून तुमच्यासाठी निघणारं काम असं: नव्या प्रकल्पाचा प्रवाह आराखडा काढताना प्रत्येक चौकोनातून बाहेर पडणारे सगळे बाण शेवटपर्यंत ओढा. टायरपासून तेल काढणार असाल तर काजळी कुठे जाणार? प्लॅस्टिक धुणार असाल तर धुण्याचं पाणी आणि त्यातला गाळ कुठे? ज्या बाणाच्या टोकाला नाव नाही, तो प्रकल्प अजून तयार झालेला नाही. गुंतवणूक मागायला जाण्याआधी हे करा. नंतर केलं तर खर्च दुप्पट होतो आणि मधल्या काळात त्रास शेजाऱ्यांना होतो.

पायरी ९: परवानग्या आणि धोरणाचा धोका

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि नंतर चालवण्याची संमती लागते, हे बहुतेकांना माहीत असतं. माल घातक कचऱ्यात मोडत असेल तर २०१६ च्या नियमांखाली त्याच्या वापराची स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते, आणि ती विकणाऱ्यापुरती नसते, वापरणाऱ्यालाही लागते. खत म्हणून विकायचं तर खत नियंत्रण आदेशातले निकष, अल्कोहोल असेल तर राज्य उत्पादन शुल्क, खाण्याचा पदार्थ असेल तर अन्नसुरक्षेचा परवाना. प्लॅस्टिक, बॅटरी आणि ई-कचऱ्यात २०२२ मध्ये उत्पादकाच्या जबाबदारीचे नवे नियम आले आहेत आणि पुनर्वापर करणाऱ्याला प्रमाणपत्रांतूनही उत्पन्न मिळू शकतं. वकील किंवा सल्लागार पहिल्या महिन्यातच नेमा, यंत्राची ऑर्डर दिल्यावर नाही.

धोरणाच्या धोक्याबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. २०१८ मध्ये सरकारने बी-हेवी मळी (जिच्यात अजून साखर शिल्लक असते) आणि उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला सी-हेवी (साखर काढून झालेल्या शेवटच्या) मळीपेक्षा वेगळे, चढे दर दिले. कारखान्यांनी कर्जं काढून आसवन्या (डिस्टिलऱ्या) वाढवल्या. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या उत्पादनाची काळजी वाटल्यावर त्याच सरकारने रस इथेनॉलकडे वळवण्यावर बंदी आणली, आठवड्याभरात ती सैल करून साखर वळवण्याला मर्यादा घातली, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये निर्बंध उठवले. या मधल्या हंगामात कर्जाचे हप्ते थांबले नव्हते.

यात एक फरक ओळखायला हवा. सी-हेवी मळी हा खरा टाकाऊ माल आहे, त्यातून आणखी साखर काढणं परवडत नाही. बी-हेवी आणि रस यांत विकता येणारी साखर असते. ती इथेनॉलकडे वळवणं हा दोन उत्पादनांमधला निवडीचा प्रश्न आहे, आणि सरकार तिथे हात घालणारच, कारण लोकांच्या घरात साखर लागते. खऱ्या टाकाऊ मालावर उभा राहिलेला धंदा अशा वेळी जास्त सुरक्षित राहतो. म्हणून प्रकल्पाचा हिशेब दोनदा करा. एकदा अनुदान आणि ठरवून दिलेल्या दरासकट, आणि एकदा त्यांच्याशिवाय. दुसऱ्या हिशेबात निदान चालू खर्च आणि व्याज निघत नसेल तर प्रकल्पाचा आकार कमी करा.

पायरी १०: माल वेगळा करणारे हात

कारखान्याच्या आत टाकाऊ माल वेगळा ठेवण्याचं काम पाळीवरचा कामगार करतो, आणि ते त्याच्या कामाच्या वर्णनात लिहिलेलं नसतं. ते लिहा, त्याचा मोबदला द्या, आणि त्या प्रवाहाचा महिन्याचा आकडा त्याला दाखवा. कारखान्याबाहेर हे काम कचरावेचक करतात, त्यातल्या बहुतेक बायका. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातूनच २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. जुन्या प्लॅस्टिकपासून किंवा पुठ्ठ्यापासून माल बनवणाऱ्या कंपनीला स्वच्छ, वर्गीकरण केलेला कच्चा माल हवा असेल तर तो याच हातांतून येतो. त्यांना वगळून थेट मोठ्या गोदामाकडून घेतलेला माल स्वस्त दिसतो, पण त्यातली घाण तुमच्या यंत्रात येते. त्यांच्याशी वर्षभराच्या दराचा करार करा आणि पैसे आठवड्याला द्या. भंगाराचा भाव पडला की सगळ्यात आधी उपाशी राहणारी ही माणसं आहेत.

पायरी ११: वर्तुळ खरंच पूर्ण होतं का ते तपासा

शेवटची तपासणी मालाच्या मुळाशी जाऊन करायची. साखर म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. उसाने ते हवेतून आणि पाण्यातून घेतलेले असतात. साखरेच्या पोत्याबरोबर शेतातलं पोटॅश बाहेर जात नाही. ते मळीत उतरतं, तिथून स्पेंटवॉशमध्ये आणि शेवटी बॉयलरच्या राखेत. स्फुरद आणि सेंद्रिय भाग बराचसा प्रेसमडमध्ये असतो. म्हणजे शेतकऱ्याने जमिनीतून जे दिलं त्याचा मोठा वाटा कारखान्याच्या आवारातच असतो, साखर विकून झाल्यावरही.

म्हणून कारखान्याच्या संचालकांना माझी आग्रहाची विनंती आहे की राख आणि बायोगॅस प्रकल्पातलं उरलेलं खत आधी ऊस देणाऱ्या सभासदाला मिळावं. धंद्याच्या दृष्टीनेही तेच योग्य आहे. आयात म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पोटॅश असतं आणि राखेच्या खतात १४.५. म्हणजे तेवढ्याच पोटॅशसाठी चौपट वजन वाहावं लागतं. पायरी ५ मधलं वर्तुळ काढलं तर हे खत कारखान्याच्या कार्यक्षेत्रातच परवडतं. उसाच्या गाड्या रिकाम्या परततात, त्यांतून ते गटापर्यंत, म्हणजे कार्यक्षेत्रातल्या ऊस विभागापर्यंत, नेता येईल.

व्यवस्था अशी बसवता येते. गट कार्यालयातून माती परीक्षणाचे नमुने पावसाळ्याआधी गोळा करायचे, ज्या प्लॉटला पोटॅश कमी आहे त्याची यादी शेती विभागाने करायची, पोत्यावर तपासणीचा निकाल छापायचा, आणि रक्कम ऊसबिलातून हप्त्याने कापायची. पहिल्या हंगामाला एका गटातले दोन-तीनशे एकर पुरेत. त्या गटाचा एकरी उतारा आणि खताचा खर्च शेजारच्या गटाशी ताडून वार्षिक सभेच्या अहवालात छापा, म्हणजे पुढच्या वर्षी मागणी सभासदांकडूनच येईल.